कानसेनने पक्का म्हटलेला उंबरठा

कानसेनचा कान म्हणजे काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची भीती कळायची नाही.

गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारा माणूस तो. बोटाचं पेर वाकवून पत्र्यावर टक्‌ करायचा आणि सांगायचा, इथे आतून गंज आहे, इथे नाही. चांगला पत्रा ‘टण्ण’ म्हणतो आणि कुजलेला ‘भद्द’, एवढं कोणालाही कळेल. कानसेनला त्या दोन्हींच्या मधले सतरा आवाज कळायचे. एकदा म्हणे हा दुकानात पाठमोरा चहा पीत बसला होता, रस्त्यावरून एक गाडी गेली, तर मान न वळवता म्हणाला, "हिच्या डिकीत डाव्या कोपऱ्याला बोराएवढं भोक पडलंय." लोकांनी धावत जाऊन गाडी थांबवली. भोक होतं, आणि बरोबर बोराएवढंच होतं. आत बोर ठेवलेलं नव्हतं, नाहीतर तेही त्याने सांगितलं असतं.

गाणाऱ्यांना मिळोत काय हव्या त्या पदव्या, ऐकणाऱ्यांमध्ये आपलं पोरगं राजा, असं म्हणून बापानेच त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं.

तर असा हा कानसेन बहिरा झाला.

एकदम नाही झाला. चाळीस वर्षं लोखंडावर हातोडी बडवली की कान तरी किती दिवस दम धरणार? आधी पाखरं मुकी झाली, मग दारावरची घंटा. मग एका सकाळी त्याने एका जुन्या मडगार्डवर टक्‌ केलं आणि मडगार्ड गप्प. परत केलं. रुसून बसलेल्या व्याह्यासारखा पत्रा तोंडातून अक्षर काढेना. त्या सकाळीला आता दोन वर्षं झाली होती.

कोणाला सांगायची सोय नव्हती. दुकान त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं. बापाने जाताना वाटणी करून दिली होती. "डोळे ताईचे, कान ह्याचे." म्हणजे वेल्डिंग ताई करणार, आणि कुठला पत्रा कापायचा, कुठला ठेवायचा ते हा ठरवणार. आता कानच गेला तर ह्याच्या वाटणीला काय उरलं? दुकानाची पाटी पुसायची आणि चहा सांगायचा. म्हणून त्याने झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. लोकांच्या ओठांवरून शब्द उचलायला शिकला. त्यात इतका पटाईत झाला, की समोरचा मनातल्या मनात शिवी देत असला तरी ह्याला कळायची.

घरी तर कोणाला संशयही आला नाही. बायको म्हणायची, "तीस वर्षांत ह्यांनी माझं काही ऐकलंय, की आत्ता ऐकतील?" नवरा बहिरा झालाय की नुसता नवराच आहे, हे ओळखायचं तरी कसं?

अडायचं ते ताईच्या मुखवट्यापाशी. वेल्डिंगचा काळा मुखवटा तोंडावर ओढून ती काही बोलली की ह्याला ओठ दिसायचे नाहीत, मग ह्याला लगेच तहान लागायची. दोन वर्षांत त्या माणसाने जेवढं पाणी प्यायलं तेवढ्यात एखादं तळं आटलं असतं.

आणि पत्रा? पत्र्यावर तो अजूनही टक्‌ करायचा. डोळे मिटायचा, मान तिरकी करायचा, भुवई उडवायचा, सगळं नाटक पहिल्यासारखं. खरं काम बोट करायचं. दुसऱ्या हाताचं बोट पत्र्याला टेकवून थरथर कशी येते ते बघायचा. चांगला पत्रा मांजरासारखा थरथरतो, कुजका ओल्या पोत्यासारखा पडून राहतो. दहातले आठ निकाल बरोबर यायचे. उरलेल्या दोन निकालांनी त्याची झोप खाल्ली होती. ज्या गाडीला आपण ‘पक्का’ म्हटलं ती कुठेतरी धावतेय, आत कोणीतरी बसलंय, आणि त्याच्या बुडाखालचा पत्रा आतून भुसभुशीत आहे. आंघोळ करताना हेच डोळ्यांपुढे. दाढी करताना हेच. एकदा ह्याच विचारात त्याने अर्धीच मिशी काढली होती.

अशात दातांच्या डॉक्टरांची गाडी आली.

गाडी म्हणजे साठ वर्षांची म्हातारी, पण ठसका असा की अजून कोणी मागणी घालेल. जुन्या काळचा जाड पत्रा, गोलगोल मडगार्डं, दार लावलं की बँकेची तिजोरी लावल्यासारखं वाटावं. फक्त गंजाने तिला वाळवीसारखं आतून पोखरलं होतं. गंज म्हणजे घरजावई बघा. येतो कोपऱ्यात बसायला, आणि बघता बघता घराच्या चाव्या त्याच्या कमरेला. ह्या गाडीत तो दारांखालच्या उंबरठ्यांत शिरला होता. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्याची जी पोकळ पेटी जाते, तिला हे दोघं बहीणभाऊ उंबरठा म्हणायचे. सगळ्या गाडीची कंबर ती. पाणी आत शिरतं, खाली साचतं, आणि वरून रंग चकाचक असताना आतून सगळं बिस्किटासारखं होतं.

डॉक्टर हौशी माणूस. "तुमचं आमचं एकच काम," म्हणायचे. "मी कीड कोरतो, तुम्ही गंज कोरता. मी सिमेंट भरतो, तुम्ही खड्ड्यांत लांबी भरता."

"आमचं गिऱ्हाईक बोंबलत नाही, एवढाच फरक," ताई म्हणायची.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर आले ते दवाखान्यातून तसेच, तोंडावर निळा मास्क. उजवा उंबरठा ताईने आधीच कापून नवा बसवला होता. आता डाव्याचा निकाल लागायचा होता. इंजिन, चाकं, दारं, बाकडी सगळं काढलेलं. नुसतं लोखंडी खोकं चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवईसारख्या टेकूंवर उभं होतं, दोन पुढे, दोन मागे. डावीकडची पुढची घोडी सध्या जरा आत सरकवून ठेवली होती. उंबरठा पक्का निघाला तर ती उंबरठ्याखाली घेऊन ताई खाली शिरणार होती, तळाचा पत्रा घासायला.

डॉक्टरांनी मास्कमधूनच काहीतरी विचारलं. कापड हललं. डोळ्यांवरून प्रश्न असावा इतकं कळलं.

कानसेनला ओठ दिसेनात. त्याने पटकन हिशोब केला. डॉक्टर नेहमी काय विचारतात? गाडी कधी मिळेल.

"मंगळवारी," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. ताईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "अरे, ते विचारतायत डाव्या बाजूला गंज कशाने लागला, आणि तू म्हणतोस मंगळवारी?"

"मंगळवारीच लागला असणार," कानसेन म्हणाला. "वार वाईट."

डॉक्टर पोट धरून हसले. ताईही हसली. कानसेनही हसला. पण ताईची नजर त्याच्यावर नेहमीपेक्षा एक श्वास जास्त थांबली होती.

म्हणून मग डाव्या उंबरठ्याशी बसल्यावर त्याने घाई केली. एरवी तो तासभर चाचपत बसायचा, पेटीच्या कडेला बोट लावायचा, खालून नख घालायचा. आज दोघं बघत उभे होते. टक्‌. डोळे मिटले. बोटाला थरथर आली. मांजराची होती की पोत्याची? त्याचं स्वतःचंच बोट थरथरत होतं, पत्र्याचं काय कळणार? टक्‌ टक्‌. भुवई उडवली. आता ‘थांबा, परत बघतो’ म्हणावं, तर ताई म्हणेल, तुला आणि परत बघावं लागतं?

"पक्का," तो म्हणाला.

तोंडातून सुटलेला शब्द आणि पाटातून सुटलेलं पाणी, दोन्ही मागे येत नाहीत. डॉक्टर खूश होऊन गेले. ताईने घोडी सरकवली, उंबरठ्याखाली बरोबर त्याने टक्‌ केलं तिथे लावली. मग चाकांच्या फळीवर उताणी पडली, हातात तारेचा ब्रश घेतला आणि सरर्‌ करून खाली गेली. बाहेर राहिले फक्त तिचे जाड तळाचे बूट.

गल्लीतल्या बाकी दुकानांना त्या दिवशी सुट्टी होती. बाहेर चिटपाखरू नव्हतं. कानसेन उभा राहून त्या बुटांकडे बघत होता. ‘ताई, बाहेर ये, एकदा नीट बघू दे,’ एवढंच म्हणायचं होतं. म्हणू का? काय सांगू? खाली मुंग्या दिसल्या असं काही निमित्त सांगू? ब्रशच्या पुढच्या फेरीला म्हणू. नाही, त्याच्या पुढच्या.

खालून गंजाचा लाल भुगा पडत होता. तेवढ्यात त्याला दिसलं, की उंबरठ्यावरच्या रंगाला केसाएवढी चीर गेली. घोडीच्या डोक्यापासून निघाली आणि मुंगीच्या चालीने वर चढायला लागली. पत्रा ओरडत असणार. दुसऱ्या कोणी तो आवाज ऐकून उडी मारली असती. कानसेनला काहीच ऐकू आलं नाही. त्याने ती चीर नुसती पाहिली.

"ता..." एवढंच निघालं.

घोडीचं डोकं उंबरठ्यात घुसलं. चमचा साईत जावा तसं. गाडीचा डावा खांदा वीतभर खाली आला आणि थांबला. लाल धुरळा उठला, आणि त्या धुरळ्यात ताईचे बूट एकदा ताठ झाले.

कानसेनने गुडघे टेकून खाली डोकं घातलं. अंधार, भुगा. तळाचा पत्रा ताईच्या छातीवर टेकला होता. दाबून चिरडलेलं नव्हतं, पण तिला फळीसकट बाहेर ओढता येईना. गाडीच्या तळाची आडवी पट्टी तिच्या मानेपाशी आडवी आली होती, चेहरा पट्टीच्या पलीकडे. बूट हलत होते. म्हणजे जिवंत होती. म्हणजे बोलत होती. नक्कीच बोलत होती, गप्प बसणारी बाईच नव्हती ती. काहीतरी सांगत होती. काय?

‘उचल’ म्हणत होती, की ‘उचलू नकोस’?

आपल्या भाषेत सगळा घोळ शेवटी असतो बघा. ‘उचल’पर्यंत दोन्ही सारखंच, जीव जातो तो ‘नकोस’वर. आणि ह्याला तर ‘उ’सुद्धा येत नव्हता.

त्याने आधी खांदा लावून बघितला. गाडी केसभर उचलली गेली तशी मागची घोडी तिरकी झाली. त्याने घाबरून सोडली. एक लाकडी ठोकळा दिसला, तो त्याने तळाच्या कडेखाली कोंबला. कड ठोकळ्यावर टेकली आणि पापुद्र्यासारखी चुरली. मग तो फोनकडे धावला. दोन वर्षं त्याने त्या फोनला हात लावला नव्हता. आगीच्या बंबवाल्यांचा नंबर फिरवला, आणि रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. मेल्या शांततेत. कोणी उचलला? घंटा वाजतेय? काय कळणार! त्याने पत्ता ओरडून सांगितला. एकदा, दोनदा, तीनदा, खुणेच्या झाडासकट. पुढे कळलं की लाईन एंगेज होती. तीनही वेळा पत्ता त्या पीं-पींने मन लावून ऐकून घेतला.

तो दारात गेला. रस्ता रिकामा. परत आला. गाडी आणखी बोटभर खाली आली होती. घोडीचं डोकं आता पेटीच्या आतल्या शेवटच्या पदराला लागलं असणार. तो पदर फाटला की संपलं.

चाकांवरचा मोठा जॅक समोर होता. लावायचा आणि दांडा मारायचा, बस. पण लावायचा कुठे? ह्या म्हातारीच्या अंगात अजून पक्की जागा कुठे शिल्लक आहे? कुजक्या जागी लावला तर तोही आत जाईल, खोकं सरकेल, आणि चारही घोड्यांवरून एकदम खाली येईल. ठोकून बघायला हवं. ठोकून ऐकायला हवं.

आणि ऐकणारा होता कोण? कानसेन.

त्या क्षणी त्याला जी भीती वाटली ती कुठल्या आकड्यात मावणारी नव्हती. दोन वर्षांची भीती एकीकडे ठेवली असती तर ती ह्या भीतीच्या पायाशी पोरासारखी दिसली असती. त्याचे दात वाजत होते, आणि तेही त्याला ऐकू येत नव्हते.

तो बुटांपाशी बसला. ताईचे दोन्ही घोटे हातांत धरले आणि बोलायला लागला. आपला आवाज केवढा निघतोय ते त्याला कळत नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

"ताई, मला ऐकू येत नाही! तू काय सांगतेस ते मला कळत नाहीये. कान गेलेत माझे. दोन वर्षं झाली. पत्रा मी नुसता बोटाने बघतो. हा उंबरठा मला कळलाच नव्हता, तरी मी पक्का म्हटलं. तू बोलू नकोस, बोललीस तर हवेत जातंय. ऐकतेस ना?"

बूट थांबले.

हलेनात. मुळीच हलेनात. गेली, त्याच्या मनात आलं. मी बोलत बसलो आणि ही गेली. त्याने घोटे गच्च दाबले. एक, दोन, तीन, चार...

मग दोन्ही बूट एकदम असे झाडले गेले की एक त्याच्या हनुवटीला लागला आणि दुसरा नाकाला. काही शिव्या ऐकायला कान लागत नाहीत. शब्द नसतानाही त्याला सगळं कळलं, बापाचा उद्धार झाला तोही. दोघांचा बाप एकच, हे ताई तेवढ्यापुरतं विसरली होती.

रडू येत होतं आणि नाकातून रक्तही. "बरं, बरं! मार नंतर. आता असं कर. मी ठोकत जातो. तू खालून ऐक. पत्रा पक्का वाटला तर उजवा पाय हलव. पोकळ वाटला तर डावा. समजलं तर उजवा."

उजवा हलला. रागाने हलला, पण हलला.

कानसेनने पुढून सुरुवात केली. चाकाच्या वरच्या कमानीजवळ टक्‌. डावा. हातभर मागे, टक्‌. डावा. दाराच्या खांबाच्या बुंध्याशी टक्‌ टक्‌. पाय जागचा हलेना. ताई विचार करत होती. तिने ह्या कामात कधी कान घातला नव्हता. बापाने लावलेली शिस्त! आणि आता पहिलाच धडा, तोही स्वतःच्या छातीवर गाडी घेऊन. त्याने परत ठोकलं, जरा जोरात. डावा पाय हलला, हळूच, वाईट बातमी सांगणाऱ्या माणसासारखा.

धुरळ्याचा एक लोट आला. खोकं नखभर आणखी खाली. ताईचे गुडघे वर यायचा प्रयत्न करत होते आणि येत नव्हते.

"पुढे जातो, पुढे जातो," तो बडबडत होता. मधला भाग, डावा. त्याच्या खाली, डावा. मागच्या दाराचा खांब, डावा. डावा, डावा, डावा. साऱ्या कवायतीच्या फौजेने मिळून एवढे डावे पाय टाकले नसतील. प्रत्येक डाव्याला त्याच्या आत काहीतरी तुटत होतं. ह्यातल्या निम्म्या जागांना आपण कदाचित पक्का म्हटलं असतं.

मग तो उताणा पडून गाडीखाली अर्धा शिरला, ताईच्या पायांच्या बाजूने. तळाला आडवी जाणारी आणखी एक जाड पट्टी असते, बाकड्याचे बोल्ट तिच्यावर कसतात. तिथे काळं जुनं ग्रीस थापलेलं होतं, बोटभर जाड. कोणा जुन्या मेकॅनिकचा गलथानपणा. त्याने पेराने टक्‌ केलं.

दोन्ही पाय स्तब्ध.

परत टक्‌.

उजवा.

"ताई, नक्की?"

उजवा. उजवा. उजवा. बूट फरशीवर आपटत होता. ग्रीसने ती पट्टी साठ वर्षं पाण्यापासून लपवून ठेवली होती.

तरी त्याने जॅक लावताना हात थांबवला. बोट टेकवलं, परत टक्‌ केलं. थरथर आली. मांजराची. पण आता त्याचा बोटावर विश्वास नव्हता. ताईचा पाय म्हणाला पक्का, म्हणून पक्का. त्याने लाकडी ठोकळा मध्ये घातला आणि दांडा मारला. एक. गाडी तशीच. दोन. मागची घोडी अंगठ्याएवढी तिरकी झाली आणि सावरली. तीन. पुढच्या घोडीचं डोकं उंबरठ्यातून बाहेर यायला लागलं, कुजलेला पत्रा ओठासारखा लोंबत होता. चार. पाच. ताईच्या छातीवर बोटभर उजेड दिसला. सहाव्याला त्याने दांडा सोडला, घोटे धरले आणि जी खेचली तिला, ती फळीसकट दुकानाच्या दारापर्यंत गेली. थोडक्यात रस्त्यावर जायची राहिली.

ताई उठून बसली. तोंड लालभडक, गंजाने माखलेलं, पापण्यांवरही गंज. तिने लांब श्वास घेतला. मग खोकली. मग कानसेनच्या एक ठेवून दिली. मग त्याचं डोकं छातीशी धरलं. मग सोडलं आणि दुसरी ठेवून दिली.

"कधीपासून?" तिने विचारलं. आता ओठ दिसत होते.

"सांगितलं ना. दोन वर्षं."

"वहिनीला ठाऊक आहे?"

"तिला वाटतं मी मुद्दाम ऐकत नाही."

ताईच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. भिंतीला टेकून ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी बदललं. कानसेनने ते पाहिलं. त्याला ठाऊक होतं पुढचा प्रश्न काय येणार. दोन वर्षं तो ह्या प्रश्नाच्या पुढे पुढे पळत होता.

"दोन वर्षांत किती पत्रे पास केलेस तू?"

"पुष्कळ."

"त्यातल्या कितींची तुला खात्री नव्हती?"

तो ‘आठवत नाही’ म्हणू शकला असता. बहिऱ्याला ‘काय?’ म्हणायचीही मुभा असते. पण समोर ती बसली होती, छातीवर पत्र्याच्या कडेचा आडवा वळ घेऊन.

"सात," तो म्हणाला. आणि थांबला नाही. "सुताराचा टेंपो, मागची फळी. जुळ्या बहिणींची पिवळी गाडी, उजवा उंबरठा. ग्रंथपालांची, बॅटरीखालची जागा. फोटोवाल्याची, पुढची कमान. माळीकाकांची, दोन्ही मडगार्डांची मुळं. शिकवणीवाल्या बाईंची, डिकीचा तळ. नर्सबाईंची छोटी निळी, चालवणाऱ्याच्या सीटखालचा पत्रा."

एवढं घडाघडा पाठ होतं त्याला. विसरलेला माणूस असं सांगत नाही.

"म्हणजे तुला रोज ठाऊक होतं," ताई म्हणाली.

त्याने मान हलवली.

तिने त्याला तिसरी मारली असती तर बरं झालं असतं. ती उठली, बरगड्या धरून फोनपाशी गेली, स्टूल ओढलं आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. त्यालाही समोर बसायची खूण केली.

"माझ्या तोंडाकडे बघ," ती म्हणाली. "मला काय काय बोलावं लागतंय ते सगळं बघ. मान खाली घालायची नाही."

सुतार घरीच होता. ‘टेंपो हलवू नका, आमची चूक झाली,’ ताईचे ओठ म्हणाले. जुळ्या बहिणींपैकी कोणी उचलला कोण जाणे, ताईला तेच दोनदा सांगावं लागलं. फोटोवाला चिडला असावा. ताई नुसती ‘हो... हो... खरं आहे’ म्हणत राहिली, आणि प्रत्येक ‘हो’ला कानसेन आणखी बारका होत गेला. ग्रंथपालांना म्हणे काही विशेष वाटलं नाही. माळीकाका हसले. शिकवणीवाल्या बाईंनी चूक आधी कळवल्याबद्दल शाबासकी दिली, आणि ताईचा चेहरा असा झाला की ती त्याला खुर्चीसकट बाहेर फेकेल.

सहा झाले.

सातवा नंबर, नर्सबाईंच्या मोबाईलचा, तिने फिरवला आणि तिचे ओठ मिटले. ते मिटलेलेच राहिले. कानसेन त्यांच्याकडे बघत होता. तिकडे घंटा वाजत असणार. नर्सबाईंची पाळी दुपारी सुरू व्हायची, भिंतीवरचं घड्याळ तीच वेळ दाखवत होतं. त्या निळ्या गाडीतून जात असतील. उताराच्या रस्त्याने. सीटखाली... ओठ मिटलेले. ताईने ठेवला, पुन्हा फिरवला. ओठ मिटलेले. त्याला तिच्या तोंडाशिवाय जगात दुसरं काही दिसेना. खालच्या ओठावर गंजाचा एक कण होता, तो हलत नव्हता.

हलला.

"कुठे आहात?" ओठ म्हणाले. मग भराभर, "ऐका. गाडी आहे तिथे बाजूला घ्या. हळू. ब्रेक जोरात नको. नाही, आत्ताच. घेतली? उतरा. उतरून लांब उभ्या राहा. नाही, मी शुद्धीवर आहे. आम्ही येतो."

तिने रिसीव्हर ठेवला आणि हात फोनवरच राहू दिला. 

"पुलाच्या अलीकडे होती," ताई म्हणाली. "म्हणाली, दोन दिवस झाले, पायाखालून वारा लागतोय, मला वाटलं काच उघडी आहे."

कानसेनने तोंडावर हात धरले.

ताईने ते हात खाली ओढले. मग तिने आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले, सावकाश, एकेक अक्षर त्याच्या पुढ्यात ठेवत, आणि त्याला शब्दन्‌शब्द कळला. "ऊठ. दोर घे, जॅक घे. तिची गाडी ओढून आणायची. आणि आजपासून ठोकणार मी."

"आणि मी?"

"तू कापायचं. जिथे मी खडूची फुली मारेन तिथे. एक बोटभरही सोडायचं नाही."

त्याने दोर खांद्यावर टाकला. दारात तो अडखळला. "ताई, दुकानाचा टेंपो तू चालवणार. मग तुझं तोंड रस्त्याकडे. वाटेत काही बोललीस तर मला कळणार कसं?"

"नाहीच बोलणार," ताईने वळून सांगितलं. "आज तुझ्याकडे तोंड करायची माझी इच्छा नाही."

आणि ती पुढे झाली. चालताना एक हात बरगड्यांवर होता. तिने चढायच्या आधी वाकून टेंपोच्या बुडाखाली हात घातला, आणि पेराने टक्‌ केलं. मान तिरकी केली. परत केलं.

कानसेन श्वास धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला.